अक्षरांची पेटी : प्रस्तावना

मुलाला वाचावयास शिकवण्याच्या कामी त्याच्या हातांचे साहाय्य घ्यावे, हा विचार आज जितका नवा म्हणून मिरवला जातो तितका तो खचित नवा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात क्विंटिलियन या रोमन वक्तृत्वाचार्याने, लहान मुलांस खेळावयास हस्तिदंती अक्षरे द्यावीत आणि फळीवर कोरलेल्या अक्षरांच्या खाचांतून त्यांच्याकडून लेखणी फिरवून घ्यावी, म्हणजे हात रेषेबाहेर जाणार नाही, अशी सूचना लिहून ठेवली आहे. आणि आपल्याकडे तर छापील क्रमिक पुस्तक खेडोपाडी पोहोचण्यापूर्वी कित्येक पिढ्यांनी आपला ओनामा गिरवला तो धूळपाटीवर, म्हणजे लाकडी फळीवर धूळ अथवा विटेची बारीक भुकटी पसरून तीत. पंतोजींची छडी आपल्या आठवणींच्या वाङ्मयात अमर झाली आणि त्यांची धूळपाटी मात्र विस्मृतीत गेली, हा त्या बिचाऱ्या पंतोजींवर झालेला अन्यायच म्हटला पाहिजे. कारण चूक झाली असता फळी जराशी हलवली की ती मागमूस न ठेवता नाहीशी व्हावी, हा जो धूळपाटीचा गुण, तो पुढे आलेल्या दगडी पाटीत अर्धामुर्धाच उरला आणि शाईच्या वहीत तर औषधालाही राहिला नाही.

तथापि प्रस्तुत पुस्तिकेचा विषय धूळपाटीच्या एक पाऊल पुढचा आहे, आणि ते पाऊल कोणते हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. अक्षर गिरवणे ही एक गोष्ट, आणि सुटी अक्षरे जुळवून शब्द उभा करणे ही सर्वस्वी दुसरी. गिरवताना हाताला वळण लागते खरे, परंतु कोणते अक्षर काढावयाचे याचा निर्णय गुरुजींनी किंवा कित्त्याने आधीच दिलेला असतो. जुळवताना मात्र शब्द मुलाच्या मनात असतो, त्यातील ध्वनी त्याने आपल्याच कानाशी सुटे करावयाचे असतात, आणि कोणत्या ध्वनीला कोणता तुकडा, हा तपास त्याचा त्यालाच करावा लागतो. जुन्या छापखान्यातील खिळेजुळारी समोरच्या पेटीतील घराघरांतून खिळे उचलून ओळ बांधीत असे, तसेच हे काम. फरक इतकाच, की जुळाऱ्यापुढे दुसऱ्याने लिहिलेला मजकूर असे आणि मुलापुढे काहीच नसते. हाताने शिकणे या एका नावाखाली हे दोन्ही प्रकार आज सरसकट एकत्र ओवले जातात, आणि त्यामुळे कोणत्या साहित्यापासून कशाची अपेक्षा करावी याविषयी शिक्षकवर्गात फार घोटाळा माजलेला आहे.

जुळवण्याच्या पद्धतीचा अर्वाचीन इतिहास सुरू होतो तो एका रानात वाढलेल्या मुलापासून. दक्षिण फ्रान्सच्या अव्हेरों प्रांतात सापडलेला हा मुलगा 1800 साली पॅरिसला आणला गेला, आणि इतार नावाच्या एका तरुण वैद्याने त्याचे व्हिक्टर असे नाव ठेवून त्याच्या शिक्षणाचा भार उचलला. मुलाला वाचा फुटली नाही ती नाहीच. पण सुट्या अक्षरांतून दूध या अर्थाचा चार अक्षरांचा फ्रेंच शब्द मांडावयास तो शिकला, आणि काही दिवसांनी, शेजारच्या ज्या घरी त्याला रोज दूध मिळे तेथे जावयास निघताना, कोणी न सांगता त्याने ती चार अक्षरे आपल्याबरोबर घेतली आणि तेथे पोहोचताच टेबलावर क्रमाने मांडून दाखवली. इतारांचे प्रयत्न पुढे निष्फळ ठरले असे सामान्यतः मानले जाते, आणि व्हिक्टर माणसांत पुरता कधी मिसळला नाही हे खरेही आहे. परंतु मुक्या तोंडाने जे मागता येत नव्हते ते हाताने मागता आले, एवढी एक गोष्ट सिद्ध झाली ती कायमची.

इतारांचे शिष्य सेगाँ, आणि या दोघांचे ग्रंथ स्वहस्ते उतरवून काढून अभ्यासणाऱ्या मारिया माँटेसरी, ही परंपरा आता सर्वश्रुत आहे. रोममधील सान लोरेंझो या दरिद्री वस्तीत 6 जानेवारी 1907 रोजी त्यांनी बालकांचे घर उघडले. लाकडाची कोरीव अक्षरे करवून घेणे जमेना, तेव्हा त्यांनी कागदाची अक्षरे कापली आणि खरखरीत कागदाची अक्षरे पुठ्ठ्यावर चिकटवली. मुलांनी त्यांवरून बोटे फिरवावीत, ध्वनी उच्चारावा, आणि मग कागदी अक्षरांतून शब्द जुळवावेत. पुढे डिसेंबरातल्या एका उन्हाच्या दिवशी गच्चीवर बसल्या असता त्यांनी एका पाच वर्षांच्या मुलाला समोरचे धुराडे काढून दाखवावयास सांगितले, त्याने फरशीवर खडूने ते काढले, आणि शाबासकी मिळताच तो क्षणभर थबकून, आपल्याला लिहिता येते असे ओरडत, हात, धुराडे, छप्पर असे शब्द एकामागून एक लिहीत सुटला. त्याच्या हाती तोवर लिहिण्यासाठी खडू दिलेलाच नव्हता. बोटांना वळण वेगळे मिळाले होते, शब्द जुळवण्याचा सराव वेगळा झाला होता, आणि या दोन ओढ्यांचा संगम त्या गच्चीवर झाला.

ही हकीकत सांगताना आपल्याकडील माँटेसरीभक्त एक गोष्ट हटकून विसरतात, आणि ती म्हणजे तो मुलगा इटालियन भाषा लिहीत होता. अवघी एकवीस अक्षरे, ती सर्व एका ओळीत डावीकडून उजवीकडे बसणारी, आणि बोलावे तसे लिहावे या नियमाला बव्हंशी इमान राखणारी, अशी ती लिपी. इंग्रजीत नेमके हेच इमान नसल्याने तिकडे शब्दाची अक्षररचना पाठ करणे हा एक स्वतंत्र विषयच होऊन बसला, आणि ज्या मुलांना तो कोणत्याही उपायाने साधेना त्यांच्यासाठी अमेरिकेत ऑर्टन हे मज्जातंतुवैद्य आणि अॅना गिलिंगहॅम या शिक्षिका यांनी कान, डोळा, जीभ आणि हात यांना एकाच वेळी कामास लावणारी पद्धत सिद्ध केली. देवनागरीची गोष्ट या दोहोंहून निराळी आहे. इंग्रजीची अराजकता तिच्यात नाही, पण इटालियनची सरळ ओळही नाही. आपले अक्षर हा एक छोटासा वाडा आहे. मधे व्यंजन, आणि स्वर कधी त्याच्या उजवीकडे, कधी डोक्यावर, कधी पायाशी, तर कधी चक्क डावीकडे येऊन उभा.

माँटेसरीबाई 1939 साली अड्यारला आल्या आणि युद्धामुळे 1946 पर्यंत या देशातच राहिल्या. परंतु त्यांचे विचार येथे रुजवण्याचे काम त्यांच्या आगमनाच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. भावनगरात वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेकांनी 1920 साली दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर काढले. 1923 मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1926 साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ताराबाईंची थोरवी मला दिसते ती त्यांनी पाश्चात्त्य पद्धत आणली यात नव्हे, तर ती पद्धत आणताना तिचे किमती कपाट त्यांनी वाटेतच ठेवून दिले यात. दादरच्या शिशुविहारातील कामानंतर 1945 साली त्या बोर्डीला गेल्या, तेथे अनुताई वाघ त्यांच्या कामात रुजू झाल्या, आणि 1957 मध्ये हे सर्व बिऱ्हाड कोसबाडच्या टेकडीवर गेले. समुद्राकाठचे शिंपले, रानातल्या बिया, गारगोट्या, पाने आणि बांबूचे तुकडे हेच तेथले शिक्षणसाहित्य झाले. पाड्यांवरची मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात गेली, आणि गुरे राखणाऱ्या पोरांसाठी ती कुरणातही गेली. अंगणवाडी हा शब्द आज शासकीय दप्तरात इतका घासून गुळगुळीत झाला आहे, की त्यामागे खरोखरीचे कोणाचे तरी शेणाने सारवलेले अंगण होते याची आठवण करून द्यावी लागते.

प्रस्तुत पुस्तिकेच्या लेखिका जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळतात, आणि त्या या कोसबाडच्या कुळातल्या आहेत. त्यांच्या पेटीत व्यंजने जाड पुठ्ठ्याची आहेत. काना म्हणून खराट्याचा हीर, मात्रा म्हणून त्याचाच आखूड तिरपा तुकडा, वेलांट्या आणि उकार फुटक्या प्लास्टिकच्या बांगड्यांचे, टोके मेणबत्तीवर धरून बोथट केलेले, आणि अनुस्वाराला तुरीचा दाणा. बोटे फिरवण्याची अक्षरे सुताराकडे उरलेल्या पॉलिश पेपरची. हे सर्व कसे कापावे, किती मापाचे असावे, कोणत्या अक्षरांपासून आरंभ करावा, याचा तपशील त्यांनी पुढे दिलेलाच आहे. ग, म, भ, न हा जो आरंभीचा क्रम आपल्या शाळांत चालत आला आहे तो त्यांनी ठेवला आहे आणि तो योग्यही आहे, कारण ही अक्षरे दिसण्यात सख्खी भावंडे असून हाताला एकाचे वळण बसले की दुसऱ्याचे बसण्यास वेळ लागत नाही. मी येथे लिहिणार आहे ते या तपशिलामागील एका गोष्टीविषयी, जी लेखिकेने पुष्कळ ठिकाणी सूचित केली आहे, पण संकोचाने म्हणा किंवा कामाच्या गर्दीत म्हणा, कोठेच ठामपणे मांडलेली नाही. ती अशी, की हे साहित्य जितके मुलासाठी आहे त्याहून अधिक ते शिक्षकासाठी आहे.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. पहिलीतल्या एका मुलीला दिवा हा शब्द जुळवावयाचा आहे. ती शब्द दोनचारदा पुटपुटते, ‘द’ उचलून पुढ्यातल्या ताटात ठेवते. मग ओठ फाकवून पुढचा ध्वनी ऐकते, बांगडीच्या तुकड्यांतून र्‍हस्व वेलांटीच नेमकी शोधून काढते, आणि ध्वनी मागून आला म्हणून तुकडाही ‘द’च्या मागे, म्हणजे उजवीकडे ठेवते. मग ‘व’, मग काना. आता वेलांटीचा आकडा ‘व’च्या डोक्यावर जाऊन बसला आहे, आणि ताटात जे काही उभे राहिले आहे ते धड वाचताही येत नाही. हेच जर वहीत घडले असते तर गुरुजींनी तांबडी फुली मारून, या मुलीला काहीच येत नाही असा शेरा मनातल्या मनात देऊन टाकला असता. समोर बसून तुकडे कोणत्या क्रमाने आले हे पाहणाऱ्या बाईंना मात्र दिसते, की मुलीला ध्वनी बरोबर ऐकू आले, त्यांचा क्रम बरोबर लागला, र्‍हस्व कोणते हेही कळले. तिला ठाऊक नव्हती ती एवढीच एक रूढी, की उच्चारात मागून येणारी ही एकच खूण आपल्या लिपीत आधी लिहिली जाते. ही चूक ना कानाची ना बुद्धीची. तिच्यावर उपाय दहा वेळा लिहून आणणे हा नसून, ही वेलांटी नेहमी आपल्या अक्षरावर छत्री धरते आणि म्हणून ती अलीकडे उभी राहते, एवढे एकदा दाखवून देणे हा आहे. आणि बाई ते बोलून नव्हे, तर तुकडा उचलून पलीकडचा अलीकडे ठेवून दाखवतात.

रफाराचेही तसेच. सूर्य म्हणताना ‘र’ आधी आणि ‘य’ नंतर ऐकू येतो, पण लिहिताना तो ‘य’च्या माथ्यावर चढतो, प्रकाशात तोच ‘र’ पायात तिरपा अडकतो, राष्ट्रात त्याचे खाली दुपाखी घरटे होते, आणि वाऱ्यावर या शब्दात त्याला आणखीच निराळे रूप येते. लेखिकेने या चारही रूपांचे तुकडे एकाच घरात, पूर्ण ‘र’च्या शेजारी ठेवले आहेत, आणि मुलाने ‘र’ ऐकला की त्याचा हात त्याच घराकडे जावा, मग त्यातून रूप निवडावे, अशी योजना केली आहे. मला या पुस्तिकेतील सर्वांत बुद्धिमान कल्पना ही वाटते. छापखान्याच्या सोयीसाठी सावरकरांनी ‘अ’चीच बाराखडी सुचवली आणि विनोबांनी लोकनागरी चालवून पाहिली, त्या वेळी लिपीसुधारणेचा विचार खिळ्यांच्या संख्येच्या अंगाने पुष्कळ झाला, पण ज्याला ही खिळ्यांची पेटी प्रथम हाताळावी लागते त्या सहा वर्षांच्या प्राण्याचा विचार त्या वादात कितपत झाला, याविषयी मला शंका आहे. ‘अ’ला वेलांटी लावून ‘इ’ करता आली असती तर आमच्या पेटीतले कित्येक तुकडे वाचले असते हे नक्की.

आता शुद्धलेखनाविषयी, कारण या नावाने पालकांचे आणि पर्यवेक्षकांचे कान तत्काळ टवकारतात. मराठीतील र्‍हस्वदीर्घ हे निव्वळ पाठांतराचे प्रकरण आहे अशी जी समजूत आहे ती निम्मीच खरी आहे. तूप, फूल, वीट, पीठ, बहीण, गरीब, वकील, या अकारान्त शब्दांत शेवटच्या अक्षरापूर्वीचा स्वर दीर्घ असतो, आणि विभक्ती लागून शब्द लांबला की तोच र्‍हस्व होतो: तुपात, फुलाला, विटेवर, पिठाचा, बहिणीस, गरिबाला, वकिलाकडे. हा नियम वाचून दाखवला तर चौथीतली मुलेही जांभया देतात. परंतु ताटात तूप हा शब्द मांडलेला असता त्याला ‘त’ जोडावयास सांगून, ‘प’ला काना देताना मागच्या ‘त’चा मोठा उकार काढून घेऊन तेथे लहान उकार ठेवण्याची कृती मुलाने पाचसहा शब्दांवर केली, की सातव्या शब्दाला त्याचा हात आपोआप मागे जातो. तद्वतच शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ, हा नियम. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाने ठरवलेल्या आणि राज्य शासनाने मान्य केलेल्या नियमांनुसार आता कवी आणि गुरू हेही या पंक्तीत बसले आहेत. लेखिकेने शब्दाच्या शेवटच्या घराला वेगळा पुठ्ठा वापरून तेथे र्‍हस्वाचा तुकडा बसूच नये अशी खाच ठेवली आहे, आणि ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’, ‘तथापि’ अशा मोजक्या अव्ययांसाठी एक निराळी पट्टी केली आहे, तिला मुले पाहुण्यांची पट्टी म्हणतात असे त्या लिहितात.

पण येथेच या साधनाची सीमाही सांगितली पाहिजे, कारण ती न सांगणे हा वाचकाशी अप्रामाणिकपणा होईल. परीक्षा, दिशा, मूर्ती, गुण, विष, सुंदर, या संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या शब्दांचे र्‍हस्वदीर्घ मराठी उच्चाराने ठरत नाही, आणि म्हणून ते कानाने सापडत नाही, हातानेही सापडत नाही. ते डोळ्यांनीच येते, आणि डोळ्यांना ते तेव्हाच येते जेव्हा मूल पुष्कळ वाचते. पेटीने जे होत नाही ते पेटीकडून करवून घेण्याचा हट्ट धरणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. दुसरीतली, सफाईने वाचू लागलेली मुले अजून पुठ्ठ्याचे तुकडे हलवीत बसलेली असतात आणि वर्गाच्या कोपऱ्यात गोष्टींची पुस्तके धूळ खात असतात. वाचता येऊ लागले की पेटी मिटावी, हे लेखिकेचे मत मला सोळा आणे मान्य आहे.

याहूनही मोठा अनर्थ चिंचोक्यांनी केला आहे. ‘क’ची मोठी आकृती काढून तिच्यावर मुलांकडून चिंचोके चिकटवून घ्यावयाचे, आणि ते तक्ते भिंतीवर टांगून तपासणीस आलेल्या साहेबांना दाखवावयाचे, हा जो प्रकार कृतियुक्त शिक्षणाच्या नावाखाली बोकाळला आहे, त्यात मुलाचा वेळ मजेत जातो यापलीकडे वाचनाचा काही संबंध नाही. चिंचोके कोठूनही सुरू करून कोठेही संपवता येतात. त्यात ना लेखणीचे वळण आहे, ना ध्वनीचा विचार, ना शब्द. ती हस्तकला आहे, आणि हस्तकला म्हणून ती चांगली आहे. उलट जी खरी साधने शासनाकडून शाळांना पुरवली जातात त्यांची गत काय होते हेही उघड गुपित आहे. एका शाळेत अक्षरांची सुबक लाकडी पेटी कुलूपबंद कपाटात पाहिली. मुले ती का वापरीत नाहीत असे विचारता, तुकडा हरवला तर जडसंग्रहाच्या नोंदवहीत घट दाखवावी लागते आणि ती मंजूर करून घेण्यासाठी तालुक्याला खेटे घालावे लागतात, असे प्रांजळ उत्तर मिळाले. गुरुजींना दोष देण्याचा माझा हेतू नाही; वस्तू हरवू नये या हुकमाची तामील त्यांनी अक्षरशः केली होती. खराट्याचा हीर आणि बांगडीचा तुकडा यांची नोंद कोणत्याच वहीत होत नाही, हा या पुस्तिकेतील साहित्याचा एक असा गुण आहे, जो शिक्षणशास्त्राच्या ग्रंथात सापडावयाचा नाही.

शेवटी एका मतभेदाचा उल्लेख केला पाहिजे. लेखिकेने र्‍हस्व खुणांना पिवळा आणि दीर्घ खुणांना तांबडा रंग दिला आहे, आणि त्यामुळे मुलांना त्या चटकन सापडतात असे त्यांचे म्हणणे आहे. सापडतात हे खरे. पण मग मूल वेलांटीची दिशा पाहते की रंग, हे कोणी सांगावे? माँटेसरींच्या अक्षरांतही स्वरांना एक रंग आणि व्यंजनांना दुसरा होता, परंतु तेथे रंगाने दोन जाती वेगळ्या होत असत, एकाच जातीतली दोन माणसे नव्हेत. आणि छापील पुस्तकात तर सारीच अक्षरे काळी असतात. मी हा आक्षेप त्यांना कळवला असता त्यांनी उत्तरादाखल आपल्या वर्गातील रंगीत तुकड्यांचे आणि बिनरंगी तुकड्यांचे असे दोन गट करून चालू वर्षात पाहण्याचे मान्य केले आहे. त्याचा निकाल काहीही लागो, तोवर वाचकांनी आपल्या पेट्यांतील बांगड्यांचे तुकडे एकाच रंगाचे निवडावेत असे मी सुचवीन, आणि लेखिका त्याच्या नेमके उलट सुचवतील.